ओनिकानचं संग्रहालय आणि परत येणाऱ्या मूर्ती

१९४३ साली मध्य नायजेरियातल्या जेमा गावाजवळ कथिलाच्या खाणीत भाजक्या मातीचं एक डोकं सापडलं. खाणीवरच्या एका कारकुनाने ते घरी नेलं आणि याम कंदाच्या शेतात बुजगावणं म्हणून उभं केलं. वर्षभर ते तिथे पाखरं हाकत राहिलं. पुढे ते बर्नार्ड फॅग या तरुण अधिकाऱ्याच्या हाती आलं. फॅग केंब्रिजला पुरातत्त्व शिकलेला होता. जवळच्याच नोक गावात १९२८ मध्ये असेच मूर्तींचे तुकडे निघाले होते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खाणकामगारांना सांगून ठेवलं की असं काही मिळालं तर फेकू नका, माझ्याकडे आणा. कामगार आणत गेले. दीडशेहून जास्त तुकडे जमले आणि आफ्रिकेच्या इतिहासात एक नवं पान उघडलं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळणारा आणि माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती घडवून भाजणारा समाज नांदत होता, हे जगाला कळलं ते एका बुजगावण्यामुळे.

लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात नोक मूर्तींसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा डोळे दिसतात. त्रिकोणी डोळे, मधोमध आरपार भोक. हे भोक केवळ नजर दाखवण्यासाठी नाही, भट्टीत मूर्ती तडकू नये म्हणून आतली हवा बाहेर पडायलाही ते उपयोगी पडतं. केसांच्या रचना तर इतक्या बारकाईने कोरलेल्या आहेत की कुणाचे केस कुणी, किती वेळ बसून विंचरले असतील याचा विचार मनात येतो. ओठ किंचित विलगलेले. बोलता बोलता थांबल्यासारखे.

हे संग्रहालय लागोस बेटावर, ओनिकान भागात आहे. मुख्य भूमीवरून येताना मी खाडीवरचा लांबलचक थर्ड मेनलँड पूल ओलांडला. पिवळ्या डान्फो गाड्यांच्या गर्दीतून, हॉर्नच्या गदारोळातून तफावा बालेवा चौकाच्या परिसरात पोचलं की झाडांच्या सावलीत एक ठेंगणी, साधी इमारत दिसते. राष्ट्रीय म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर घुमट येतो, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखा. इथे तसलं काही नाही. आवारात हस्तकलेची दुकानं आहेत, खानावळ आहे, गणवेशातल्या मुलांना रांगेत उभं करणाऱ्या शिक्षिका आहेत. दालनांत छायाचित्रं काढायला मनाई आहे आणि मला ते बरं वाटलं. हातात फोन नसला की माणूस नीट बघतो.

संग्रहालय १९५७ साली सुरू झालं, म्हणजे नायजेरिया स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षं आधी. त्यामागे केनेथ मरे या इंग्रज माणसाची तीन दशकांची खटपट होती. १९२७ मध्ये तो चित्रकलेचा शिक्षक म्हणून नायजेरियात आला. त्या काळी मिशनऱ्यांच्या शाळांत स्थानिक कोरीवकामाला मूर्तिपूजा म्हणून हिणवलं जात होतं. मरे उलट्या वाटेने गेला. तो गावोगाव फिरला, कुंभारांकडून भांडी घडवायला शिकला आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच परंपरेतून चित्र काढायला, लाकूड कोरायला शिकवलं. पुढे आधुनिक आफ्रिकी कलेतलं मोठं नाव झालेला बेन एन्वोन्वू हा त्याचाच विद्यार्थी. वस्तू देशाबाहेर चालल्या आहेत, त्या थांबवायला कायदा हवा, ठेवायला जागा हवी, असं मरे सरकारला सांगत राहिला. १९४३ मध्ये त्याला पुरावस्तूंचा सर्वेक्षक नेमलं गेलं, १९५३ मध्ये कायदा झाला आणि त्यानंतर चार वर्षांनी ही इमारत उभी राहिली. तोवर एसिए आणि जोस इथली संग्रहालयं सुरू झालेली होती.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आफ्रिकेच्या वस्तू परत द्यायचा विषय निघाला की युरोपातून हमखास एक प्रश्न येतो: त्या ठेवणार कुठे, सांभाळणार कोण? ओनिकानची इमारत या प्रश्नाला सहा दशकांहून जास्त काळ उत्तर देत उभी आहे.

इग्बो-उक्वूची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दक्षिण-पूर्व नायजेरियातल्या या गावात १९३८ च्या सुमारास इसाया अनोझी हा गृहस्थ अंगणात पाण्याचा हौद खणत होता. दोन हात खोल गेल्यावर धातूची भांडी निघू लागली. त्याने काही शेजाऱ्यांना वाटून टाकली. पुढे थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञाने १९५९ ते १९६४ च्या दरम्यान तिथे रीतसर उत्खनन केलं. त्यात राजाच्या किंवा धर्मगुरूच्या दफनाची खोली सापडली, पूजेच्या वस्तूंचं कोठार सापडलं आणि दीड लाखाहून जास्त मणी. काळ निघाला इसवी सनाचं नववं शतक. त्यातलं दोरीच्या जाळीत बसवलेलं कांस्यपात्र मी फार वेळ बघत होतो. दोरी खरी नाही, तीही कांस्याचीच आहे. तिचे पीळ, तिच्या गाठी, घागरीच्या गळ्याला पडलेला ताण, सगळं मेणात आधी घडवून मग धातूत ओतलेलं. युरोपीय जहाज या किनाऱ्याला लागण्याच्या साडेपाचशे-सहाशे वर्षं आधीचं हे काम आहे. जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियसने १९१० मध्ये नैर्ऋत्य नायजेरियातल्या इफे शहरातली शिल्पं पाहिली तेव्हा ही इथल्या माणसांची असूच शकत नाहीत, समुद्रात बुडालेल्या ग्रीकांच्या अटलांटिसची असणार, असा निष्कर्ष त्याने काढला होता. इफेचे ते चेहरे इथल्या दालनात आहेत. शांत, रेखीव, गालांवर उभ्या बारीक रेषा. १९३८ मध्ये इफेच्या राजवाड्याजवळ घराचा पाया खणताना पितळेची अशी डोकी एका ठिकाणी निघाली आणि अटलांटिसची कल्पना तिथेच संपली.

नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये जुळी मुलं होण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक मानलं जातं. जुळ्यांपैकी एक दगावलं तर त्याची छोटी लाकडी मूर्ती कोरून घेतात, तिला इबेजी म्हणतात. आई तिला न्हाऊ घालते, तेल लावते, खाऊ देते, कपड्यात गुंडाळून जवळ ठेवते. संग्रहालयातल्या इबेजींची नाकं, ओठ झिजून गुळगुळीत झालेत. इतक्या वर्षांचे हात त्यांच्यावरून फिरले आहेत. आपल्या देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, उजळून उजळून त्यांवरचे चेहरे पुसट होतात, तसे हे चेहरे झालेत. काचेआड गेल्यावर त्यांना कुणी हात लावत नाही.

अनेक वस्तू कवड्यांनी मढवलेल्या आहेत आणि तिथे आपला संबंध थेट येतो. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ ज्या कवडीची, ती कवडी पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रात मिळत नव्हती. ती यायची मालदीव बेटांवरून. बंगाल आणि श्रीलंकेच्या बंदरांतून डच आणि इंग्रज व्यापारी ती पोत्यांनी भरायचे. जहाजाच्या तळाला वजन म्हणून घालून ती ॲमस्टरडॅम-लंडनला न्यायची, तिथे तिचा लिलाव व्हायचा आणि मग ती गिनीच्या किनाऱ्याला उतरायची. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या आफ्रिकेत गेल्या. तिथे त्या चलन होत्या आणि त्या चलनात माणसं विकत घेतली जात होती. योरुबा पुरोहित सोळा कवड्या टाकून भविष्य सांगतात, देव्हाऱ्यावर कवड्या शिवतात. आपल्याकडे जिला देवीचा मान मिळाला, तिलाच दुसऱ्या किनाऱ्यावर गुलामांच्या बाजारातली नाणी व्हावं लागलं. हिंदी महासागराचा इतिहास शिकवताना आपल्या शाळांत मसाले येतात, रेशीम येतं. कवडीही यायला हवी.

आता बेनिनकडे. आजच्या बेनिन या देशाशी त्याचा संबंध नाही. बेनिन राज्य आणि बेनिन सिटी हे शहर दक्षिण नायजेरियात आहे. तिथल्या राजाला ओबा म्हणतात. शतकानुशतकं राजवाड्याच्या खांबांवर पितळी फलक ठोकलेले होते. त्यांवर सरदार, सैनिक, बिबटे, मासे आणि लांब दाढीचे पोर्तुगीज. हे ओतकाम करणाऱ्यांची श्रेणी ठरलेली, गल्ली ठरलेली. बेनिन सिटीतली इगुन गल्ली आजही त्याच कारागिरांची आहे. या राज्यात लेखी बखर नव्हती. कोण राजा झाला, कोणती लढाई झाली, दरबारात कुणाची जागा कुठे, हे सगळं पितळेत नोंदलेलं होतं.

जानेवारी १८९७ मध्ये जेम्स फिलिप्स हा ब्रिटिश अधिकारी मनाई असतानाही बेनिन सिटीकडे निघाला आणि वाटेत त्याचा जथा मारला गेला. फेब्रुवारीत रॉसन या ॲडमिरलच्या हाताखाली बाराशे सैनिक चाल करून आले. शहर पडलं, राजवाडा लुटला गेला, आग लागली. ओबा ओवोनरामवेनला कलाबारला हद्दपार करण्यात आलं. १९१४ मध्ये तो तिथेच वारला. लूट लंडनला गेली. मोहिमेचा खर्च भागवायला त्यातला बराच भाग विकला गेला आणि बर्लिनपासून शिकागोपर्यंत पांगला. २०२२ मध्ये इंटरनेटवर खुल्या झालेल्या ‘डिजिटल बेनिन’ या सूचीत २० देशांतल्या १३१ संस्थांकडे असलेल्या पाच हजारांहून जास्त वस्तूंची नोंद आहे. पन्हाळ्यावरचे, रायगडावरचे सगळे कागद, सगळी शस्त्रं, देव्हाऱ्यातले सगळे टाक कुणी असे वीस देशांत वाटून टाकले असते, तर आपला इतिहास आपण कुठून वाचला असता?

मग ओनिकानमध्ये बेनिनच्या वस्तू आल्या कुठून? त्यांतल्या काही विकत घेतल्या आहेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश म्युझियमने आपल्याकडचे काही फलक दुहेरी ठरवले, एकासारखा दुसरा आहे, मग दोन कशाला म्हणून. लागोसच्या नियोजित संग्रहालयासाठी नायजेरियाच्या वसाहत सरकारने ते पैसे मोजून घेतले. १९७२ पर्यंत ब्रिटिश म्युझियमने तीसहून अधिक बेनिन वस्तू अशा विकल्या वा अदलाबदलीत दिल्या. फलक राजवाड्याच्या खांबांवर जोडीजोडीने लावलेले असत, हे नंतर ध्यानात आलं. म्हणजे दुहेरी म्हणून जे फलक काढले त्या जोड्या होत्या. लुटलेली वस्तू लुटणाऱ्याच्या राजधानीतून विकत घ्यायची, आणि तीही जोडी फोडून. नायजेरियाने हे केलं, कारण आपल्या मुलांना दाखवायला काहीतरी तर हवं.

ओनिकानच्याच संग्रहालयातलं एक बेनिन डोकं १९७३ मध्ये परत इंग्लंडला गेलं. तेव्हाचे राष्ट्रप्रमुख जनरल गोवोन राणी एलिझाबेथना भेट देण्यासाठी ते घेऊन गेले. ते प्रतिकृती असावं असा समज होता. खरं मूळ शिल्प होतं हे तीसेक वर्षांनी उघड झालं. आता ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

राजमाता इदियाचं पितळी डोकं मात्र ओनिकानमध्ये आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी ओबा एसिगीला गादीवर बसवणारी, त्याच्यासाठी युद्धाची तयारी करणारी ही आई. तिच्यासाठी राजमातेचं पद निर्माण झालं. तिचा उंच, पुढे झुकलेला पोवळ्याच्या मण्यांचा जाळीदार शिरपेच, करारी चेहरा. मी जिजाऊंचं नाव घेणार नाही असं ठरवलं होतं, पण इदियासमोर उभं राहून ते आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. तिचा हस्तिदंती मुखवटा लंडनमध्ये आहे. १९७७ च्या सुरुवातीला लागोसमध्ये जगभरच्या कृष्णवर्णीय कलांचा भव्य महोत्सव भरला, फेस्टॅक. त्याचं बोधचिन्ह म्हणून हाच मुखवटा निवडला. नायजेरियाने तो काही दिवसांसाठी मागितला. हस्तिदंत नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही, असं उत्तर आलं. बेनिनच्या कारागिरांनी नवा मुखवटा कोरला आणि महोत्सव पार पडला. भिंतीभिंतीवर, कापडावर, पोस्टाच्या तिकिटांवर इदियाचा चेहरा होता.

शेजारच्या दालनात एक काळी मर्सिडीज उभी आहे. अंगावर गोळ्यांची भोकं. १३ फेब्रुवारी १९७६ ला सकाळी राष्ट्रप्रमुख जनरल मुर्तला मुहम्मद कार्यालयाकडे निघाले, फारसा बंदोबस्त न घेता, लागोसच्या नेहमीच्या कोंडीत अडकले आणि बंडखोर अधिकाऱ्यांनी त्यांना गाडीतच मारलं. सत्तेवर ते जेमतेम सात महिने होते. शाळेची मुलं याच गाडीभोवती जास्त रेंगाळतात. मला ते योग्य वाटतं. दोन हजार वर्षांच्या मूर्तींच्या शेजारी पन्नास वर्षांपूर्वीची जखम ठेवण्याचं धाडस सगळ्या राष्ट्रीय संग्रहालयांत नसतं.

२०२१ पासून वारं फिरलं. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा परत दिला, ॲबरडीन विद्यापीठाने ओबाचं डोकं दिलं, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २९ वस्तूंची मालकी सोडली, लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने ७२ वस्तूंची. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री ॲनालेना बेअरबॉक स्वतः २० शिल्पं घेऊन अबुजाला आल्या. जून २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. त्या स्वीकारण्याचा सोहळा ओनिकानच्याच आवारात झाला, त्यांतल्या चार इथे कायम राहणार असं जाहीर झालं आणि बाकीच्या ओबाकडे जाणार असं ठरलं.

ओबाकडे का, हा वाद आहे. मार्च २०२३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी परत येणाऱ्या बेनिन वस्तूंची मालकी ओबाची, असा आदेश काढला. जर्मनीत काही जण चिडले: आम्ही राष्ट्राला दिलं, राजाला नाही. बेनिन सिटीत पश्चिम आफ्रिकी कलेचं नवं संग्रहालय उभं राहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या उद्घाटनाच्या वेळी निदर्शक आत घुसले आणि उद्घाटन थांबलं. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचा एक गट आणखी वेगळं बोलतो: पोर्तुगीजांनी दिलेली जी कडी वितळवून हे पितळ घडवलं, ती आमच्या पूर्वजांची किंमत होती, मग आमचाही वाटा धरा. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की ती कडी बहुतांशी ऱ्हाईन खोऱ्यातल्या धातूची होती. हे सगळे प्रश्न खरे आहेत. पण ते नायजेरियाच्या घरातले आहेत, घरातच सुटतील. भाऊबंदकीत वाटणीचा वाद आहे म्हणून चोरीचा माल चोराकडे ठेवावा, असं कुठलंही कोर्ट म्हणत नाही.

इथून सातारा दूर नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली. ग्रँट डफकडून ती तिकडे गेली, असं सांगतात. शिवाजी महाराजांनी वापरलेली हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. तरी रांगा लागल्या आणि लागायलाच हव्या होत्या. मात्र ती आली तीन वर्षांच्या उसनवारीवर. त्याच वर्षी, त्याच म्युझियमने ब्रिटिश म्युझियमच्या जोडीने घानाच्या कुमासीला अशांती राजांचं ३२ नग सोनं-चांदी धाडलं, १८७४ च्या स्वारीत आणि त्यानंतर नेलेलं. तेही तीन वर्षांसाठी उसनं. कारण दोन्ही म्युझियमना संग्रहातली वस्तू कायमची देण्यापासून ब्रिटिश संसदेचे कायदे अडवतात, १९६३ चा आणि १९८३ चा. मात्र अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने त्याच अशांती राजाला सात वस्तू कायमच्या दिल्या, कुठलीही अट न घालता.

उसनवारी उलट्या दिशेनेही होते, हेही नायजेरियानेच दाखवलं आहे. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिससाठी नोक आणि सोकोतो मूर्ती विकत घेतल्या. त्या बेकायदा निर्यात झालेल्या होत्या. २००२ मध्ये करार झाला: मालकी नायजेरियाची, फ्रान्सने त्या पंचवीस वर्षांसाठी उसन्या ठेवाव्यात. मूर्ती पॅरिसमध्येच राहिल्या, पण पाटीवर मालकाचं नाव बदललं. आपल्या सरकारांनी लंडनशी बोलताना हा नमुना पुढे ठेवायला हवा. वस्तू कुठे आहे हा दुसरा प्रश्न, कुणाची आहे हा पहिला.

लागोसमध्ये कामानिमित्त राहणारे मराठी लोक बरेच आहेत. त्यांना सांगणं आहे की एक सकाळ ओनिकानसाठी काढा, मुलांना घेऊन जा. जवळच योरुबा संस्कृतीचं जॉन रँडल केंद्रही आता उघडलं आहे. इथे महाराष्ट्रात असलेल्यांनी वाघनखं ज्या संग्रहालयात असतील तिथे जाऊन पाहावीत, आणि आपल्या आमदार-खासदाराला लेखी विचारावं की मुदत संपताना आपण काय मागणार आहोत. कुमासीचा, साताऱ्याचा आणि पॅरिसचा, तिन्ही करारांची मुदत २०२७ मध्येच भरते.